रेवदंड्यात "समुद्री बिबट्या" नाही. जे आहेत, त्यांचं काय?

गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढऱ्या बर्फाच्या लादीवर पसरलेलं लांबलचक ठिपकेदार जनावर, सापासारखं डोकं, आणि जबडा उघडला की बघणाराच मागे सरावा. खाली मजकूर: "रेवदंडा खाडीत समुद्री बिबट्या आढळला. कोळी बांधवांनी सावध राहावे. जास्तीत जास्त शेअर करा." आता रेवदंड्यात बर्फाची लादी मासळीच्या क्रेटशिवाय कुठे दिसते, एवढा तरी विचार करावा की नाही? कोणी केला नाही. दीड तासात तोच व्हिडिओ मला रोह्यातल्या तीन ग्रुपवरून, धाटावच्या कामगारांच्या एका ग्रुपवरून आणि डोंबिवलीच्या मेहुण्याकडून आला. मेहुण्याने वर लिहिलं होतं, "भावजी, तुमच्याकडे काय चाललंय?"

मी ग्रुपवर लिहिलं की हा लेपर्ड सील आहे, अंटार्क्टिकातला प्राणी, आपल्याकडे येत नाही. त्यावर एका तरुण मित्राचं उत्तर आलं, "दादा, हवामान बदललंय, येऊ पण शकतो." त्याला तीस अंगठे. मला एक.

म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल त्यांनी वाचा. राग येईल त्यांनी तर नक्कीच वाचा.

आधी त्या जनावराचं घर कुठे आहे ते बघू. नकाशा काढा. रोह्यावर बोट ठेवा आणि सरळ दक्षिणेला ओढत न्या. रत्नागिरीचा किनारा डाव्या हाताला ठेवून बोट समुद्रात उतरेल. पुढे लक्षद्वीपचं मिनिकॉय, मग मालदीव, मग डिएगो गार्सिया थोडं बाजूला. मग कुठेच काही नाही, नुसतं पाणी. आणि शेवटी, आपल्यापासून साधारण आठ हजार किलोमीटरवर, जवळजवळ आपल्याच रेखांशावर, हर्ड नावाचं बर्फाळ बेट. तिथे हिवाळ्यात लेपर्ड सील किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांचं खरं घर त्याच्याही खाली, अंटार्क्टिकाभोवती तरंगणाऱ्या बर्फाच्या पट्ट्यात. हिवाळ्यात तो बर्फ उत्तरेकडे पसरतो तसे हेही, विशेषतः कोवळ्या वयाचे, उत्तरेच्या बेटांकडे सरकतात. पूर्ण वाढलेली मादी तीन मीटरच्या वर जाते, वजन चारशे-पाचशे किलो. नर तिच्यापेक्षा लहान. पेंग्विन खातो म्हणून त्याची दहशत आहे, पण त्याच्या दाढा बघितल्या तर वेगळीच गंमत. कंगव्यासारख्या. तोंडात पाणी घ्यायचं आणि दाढांतून गाळून आपल्या जवळ्यासारखं दिसणारं क्रिल आत ठेवायचं. एवढा मोठा दादा, आणि पोट बरंचसं जवळ्यावर.

तो आपल्याकडे का येणार नाही? त्याच्या आणि आपल्या मध्ये हजारो किलोमीटरचं कोमट पाणी आहे. त्याची चरबी, त्याचं खाणं, त्याचं पिल्लू घालणं, सगळं थंडीला बांधलेलं आहे. हवामान बदललं म्हणून समुद्र तापतोय, मित्रा. तापलेल्या समुद्रातून बर्फावरचा प्राणी गरम दिशेला कशाला येईल? सील म्हटला तर भारताच्या किनाऱ्यावर एकाही जातीचा सील राहत नाही. विषय संपला.

खरा विषय इथे सुरू होतो.

न्यूझीलंडमध्येही हे लेपर्ड सील दिसायचे. कधी एखादा किनाऱ्यावर पडलेला, कधी बंदरात. सरकारी दफ्तरात त्यांची नोंद होती "भरकटलेले". म्हणजे वाट चुकून आलेले पाहुणे. पाहुण्याची जबाबदारी कोणाची नसते. आला, गेला, मेला, आपल्याला काय. मग तिथल्या काही संशोधकांनी लोकांना सांगितलं, दिसला की कळवा, फोटो पाठवा. जुन्या नोंदी खणून काढल्या. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की हे पाहुणे बाराही महिने येतात, तेच तेच प्राणी वर्षानुवर्षं दिसतात, तिथे पिल्लंही झालेली आहेत. ओव्हा नावाची एक मादी तर ऑकलंडच्या नौकांच्या धक्क्यावर 2012 नंतरच्या काळात चक्क घरासारखी राहिली. रबरी होड्या चावून फाडायची. लोक वैतागले, पण ती आपली आहे हेही मान्य केलं. 2019 साली सरकारी वर्गवारीत बदल झाला. "भरकटलेला" हा शब्द गेला आणि लेपर्ड सील तिथला रहिवासी ठरला, संख्येने कमी असलेला रहिवासी.

एक शब्द बदलला, आणि तो बदलला लोकांनी लिहून ठेवलेल्या तारखा, वेळा आणि फोटो यांच्या जोरावर.

आता आपल्याकडे या. जून 2015. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नीळा देवमासा लागला. बेचाळीस फुटांचा, आणि जिवंत. लोकांनी, वनखात्याच्या माणसांनी त्याला परत पाण्यात ढकलायची धडपड केली. जमलं नाही, मेला. मीही गेलो होतो बघायला, खोटं कशाला सांगू. माझ्या जुन्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे आणि फोटोत मी हसतोय. आज बघितला की लाज वाटते. त्या दिवशी किनाऱ्यावर प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "बिचारा वाट चुकला."

वाट कुठली चुकला? तो त्याच्या घरातच मेला, मंडळी.

अरबी समुद्रात नीळे देवमासे राहतात. त्याच वर्षी मे महिन्यात बातमी होती की सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर संशोधकांना नीळ्या देवमाशाची मादी आणि पिल्लू दिसलं. आणखी एक देवमासा आहे, हंपबॅक. जगातले बाकी हंपबॅक थंडीत इकडे, उन्हाळ्यात तिकडे अशी हजारो किलोमीटरची वारी करतात. अरबी समुद्रातले करत नाहीत. इथेच राहतात, इथेच पिल्लं घालतात. 2017 साली ओमानच्या किनाऱ्यावर लुबान नावाच्या अशा एका मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं, तर बाई सरळ अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आल्या. म्हणजे ओमान आणि कोकण हे तिला दोन देश नाहीत. ओटी आणि परसदार. या देवमाशांचं दुर्दैव असं की 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी चोरून याच समुद्रात 242 हंपबॅक मारले. आज उरलेत ते मोजकेच. आणि आपण म्हणतो वाट चुकला.

पण देवमासे जाऊ द्या, ते लांब पाण्यातले. मला बोलायचंय ते आपल्या खाडीच्या तोंडाशी रोज राहणाऱ्याबद्दल. डॉल्फिन.

कोर्लईला माझं नात्यातलं घर आहे. तिथले एक काका, सत्तरी उलटलेली, अजून होडीवर जातात. त्यांना मी विचारलं, "काका, डॉल्फिन कधी येतात हो इकडे?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी विचारलं असावं, कावळे कधी येतात. म्हणाले, "येतात म्हणजे? गेलेत कुठं?"

हे काकांचं वाक्य मी या पोस्टच्या वर मथळा म्हणून टाकणार होतो.

आपल्या किनाऱ्याचा हा डॉल्फिन म्हणजे हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर छोटंसं कुबड, त्यावर पर. टीव्हीवर उड्या मारणारा तो वेगळा. हा अंग थोडंसं वर काढतो, श्वास घेतो, जातो. याच्या घराचा आकार मला फार विचित्र वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या टोकापासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान, गुजरात, कोकण, केरळ करत पुढेपर्यंत, म्हणजे लांबीला अर्ध्या महासागराचा काठ. पण रुंदीला? किनाऱ्यापासून थोडेच किलोमीटर. पाण्याची खोली पंचवीस-तीस मीटरच्या वर गेली की हा सहसा जात नाही. साडीचा काठ आठवा. लांबच लांब, पण बोटभर रुंद. आणि या काठातली सगळ्यात चविष्ट जागा म्हणजे खाड्यांची तोंडं, कारण तिथे मासळी. बोयटं तिथे, तारली तिथे.

आता त्याच बोटभर काठात आपण काय काय टाकतो ते मोजा. शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, बार्जेस, ट्रॉलर, मोठी जाळी, जेट्ट्या, गाळ उपसणं, स्पीडबोटी. सगळं तिथेच. डॉल्फिनला मागे सरकायला जागा नाही. खोल पाणी त्याचं नाही, जमीन तर नाहीच. जगभरच्या तज्ज्ञांनी त्याला धोक्यातल्या जातींत टाकलंय ते याचमुळे. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. खड्डा पडला की भरून यायला पिढ्या लागतात.

त्याच्याबरोबर आणखी एक असतो, पोरपॉइज. पाठीवर पर नाही, लाजाळू, माणसाएवढा. तो बहुतेकांना दिसतच नाही. दिसतो तो जाळ्यात मेलेला.

तर आता कुंडलिका.

आपली नदी ही साधी नदी नाही. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून 1927 पासून सह्याद्रीच्या या बाजूला उतरतं. ज्या पाण्याने पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचं, ते आपल्याकडून अरबी समुद्रात जातं. त्या धरणासाठी मुळशीच्या लोकांची घरं गेली, सेनापती बापटांनी त्यासाठी सत्याग्रह केला, हा इतिहास शाळेत वाचलाय. त्याचा प्रसाद आपल्याला मिळाला. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बाकी नद्यांत दगड तापतात तेव्हा कोलाडला राफ्टिंगवाल्यांचे तराफे चालतात. डोलवहाळचे कालवे वाहतात. वरसे, रोहा, अष्टमी इथल्या विहिरींना पाणी असतं. त्याच पाण्यावर धाटाव उभं आहे.

आणि मग ते पाणी खाली जातं. धाटावचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपने आरे खुर्दच्या बाजूला खाडीत सोडतात. आमची गटारं, आमचे नाले, आमचा गणपतीचा कचरा, बाजाराच्या दिवशीचं प्लास्टिक, तेही सगळं त्याच वाटेने. प्रदूषण नियंत्रण मंडळ रोहा, आरे खुर्द, साळाव इथे पाण्याचे नमुने घेतं. त्या कागदावर काय असतं? आम्लता, विरघळलेला प्राणवायू, बीओडी. आकडे. ते हवेतच, मी आकड्यांच्या विरोधात नाही. पण त्या कागदात एक रकाना कधीच नसतो: या पाण्यात राहतं कोण?

घराचं पाणी तपासायचं असेल तर आधी घरात तान्हं मूल आहे का हे विचारतात. पाण्याचा आकडा तोच असतो, पण कोण पिणार यावर तो चालेल की नाही ते ठरतं. खाडीच्या तोंडाशी दूध पिणारं पिल्लू आहे. डॉल्फिन हा मासा नव्हे, आई त्याला दूध पाजते. आणि शरीरात साठून राहणारी काही विषं आईच्या चरबीतून दुधात उतरतात, पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त. हे जगभरच्या डॉल्फिनमध्ये दिसलेलं आहे. माझं म्हणणं असं नाही की आपल्या खाडीत अमुक झालं, तमक्या कंपनीने केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला आपण रहिवासी मानलंच नाही, त्याच्यासाठी मर्यादा कोण ठरवणार?

आता पूल. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल होणार आहेत, त्यात रेवदंडा-साळाव हाही आहे. मला पूल हवाय. साळावच्या जुन्या पुलावर एसटीत बसून ज्याने जीव मुठीत धरलाय त्याने पुलाला विरोध करू नये. पण खांब ठोकताना पाण्याखाली जो आवाज होतो त्याचा विचार कोणी केला का, हे विचारायला नको? गढूळ खाडीत डॉल्फिनला डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तो आवाज सोडतो, परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो, त्यावरून वाट आणि मासा शोधतो. त्याच्या कानाशी घण घालणं म्हणजे त्याचे डोळे फोडणं.

यावर उपाय नाही असं नाही. हाँगकाँगमध्ये याच डॉल्फिनचा सख्खा चुलता राहतो. तिथे 1996 साली समुद्रात खांब ठोकताना भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा केला होता. नळीला भोकं पाडून खालून हवा सोडायची, की आवाज बराच तिथेच अडतो. तीस वर्षांपूर्वीची युक्ती आहे ही. तरीही पुढे तिथे एवढी बांधकामं झाली, एवढा भराव पडला, आणि 2018 मध्ये सुरू झालेला तो मोठा सागरी पूल, की हाँगकाँगच्या पाण्यातले डॉल्फिन घटतच गेले. पण त्यांना निदान माहीत आहे की घटले. कारण ते मोजत होते. आपल्या खाडीत दहाचे पाच झाले तर आपल्याला कळणार कसं, दहा होते हे कुठे लिहिलंय?

इथे काही जण म्हणतील, धाटाव बंद करायला निघालाय. अजिबात नाही. माझ्या घरात पंचवीस वर्षं धाटावचाच पगार आला. पोरींची शिक्षणं त्यावर झाली. रोहा तालुक्यात असं घर शोधून काढायला लागेल जिथे त्या पगाराचा रुपया गेला नाही. ज्याच्या मिठाला जागायचं त्याच्याकडूनच जास्त अपेक्षा करायची, मला तर हे सरळ वाटतं.

दुसरा आक्षेप कोळी बांधवांचा, आणि तो मला जास्त टोचतो, कारण खरा आहे. डॉल्फिन जाळ्यातली मासळी पळवतो, जाळं फाडतो. काकाही सांगतात, "गोड दिसतो, पण लबाड." 2018 च्या डिसेंबरपासून राज्यात एक योजना आहे: संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवायला जाळं कापलं, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती देतात. चांगली योजना आहे. पण ती सुटकेसाठी आहे. डॉल्फिनने स्वतःहून फाडलेल्या जाळ्याची सुटका कशी दाखवणार? आणि फोटो काढा, पुरावा द्या हे सांगणं सोपं आहे. रात्री दोनला, डोलणाऱ्या होडीत, चौघांच्या हाताला जाळं असताना मोबाइल कोण धरणार? माझं मत स्पष्ट आहे. डॉल्फिन राखायचा तर त्याची किंमत एकट्या कोळ्याने भरू नये. मुंबईहून येऊन माणशी पैसे मोजून डॉल्फिन बघणारे, त्यावर हॉटेल चालवणारे, खाडीत पाणी सोडणारे, सगळ्यांनी भरावी. आणि खरं सांगायचं तर कोळ्याची आणि डॉल्फिनची तक्रार एकच आहे: मासळी राहिली नाही. मासळी भरपूर होती तेव्हा काकांचे वडील म्हणायचे, त्याचं त्याला घेऊ दे.

कायद्याबद्दल दोनच वाक्यं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. आणि आपल्याच संसदेने 2022 साली भारतीय अंटार्क्टिक कायदा केला, ज्यात तिथल्या पेंग्विनला, सीलला त्रास द्यायला मनाई आहे. म्हणजे व्हिडिओतला तो समुद्री बिबट्या, दहा हजार किलोमीटरवर, आपल्या "भारती" संशोधन केंद्राच्या आसपास पडलेला असेल तर आपला शास्त्रज्ञ परवानगीशिवाय त्याला छेडू शकत नाही. फार चांगलं. आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका किनाऱ्यावर मला मेलेला डॉल्फिन दिसला. शेपटीला जाळ्याचा दोर. मी एका कार्यालयात फोन केला. ते म्हणाले, पाण्यातला आहे, दुसऱ्या खात्याला सांगा. दुसऱ्या खात्यात म्हणाले, मासा नाही, पहिल्यांनाच सांगा. मी म्हटलं, साहेब, तो आता ना पाण्यात आहे ना मासा आहे, वाळूवर सडतोय. संध्याकाळी कोणीतरी जेसीबीने पुरला. लांबी मोजली नाही, नर की मादी बघितलं नाही, फोटो नाही, नोंद नाही. तो जन्मला नव्हता आणि मेलाही नाही.

म्हणूनच मला त्या व्हिडिओचा एवढा राग आला. जो कधी येणार नाही त्याच्यासाठी दीड तासात अख्खा तालुका जागा. जो पिढ्यानपिढ्या इथेच आहे त्याच्यासाठी एक रकाना नाही.

करायचं काय? मोर्चा नको, उपोषण नको. एक वही आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. हरित न्यायाधिकरणाने मागे लागून त्यासाठी जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा राज्यभर घाईघाईने वह्या तयार झाल्या. अशी एका गावची वही मी पाहिली, गावाचं नाव घेत नाही. आंबा, फणस, साग, तुळस, गाय, म्हैस. झाडांची पानंच्या पानं. खाडीकाठचं गाव, आणि खाडीच्या पानावर एकच शब्द: "मासे".

वरसे ग्रामपंचायतीच्या हद्दीत डॉल्फिन पोहत येत नाही, हे मला माहीत आहे. कोणी लगेच नकाशा काढून दाखवू नका. पण नदी आपल्या हद्दीतून जाते, आणि आपण तिच्यात सोडलेलं त्याच्या हद्दीत पोचतं. म्हणून येत्या ग्रामसभेला मी दोन गोष्टींचा अर्ज देणार आहे. आपल्या वहीत कुंडलिकेचं स्वतंत्र पान असावं; नदीत, काठावर काय दिसतं, कोणत्या महिन्यात, मेलेली मासळी वर आली तर कधी, हे तारीख घालून लिहावं. आणि खालच्या गावांना, आरे, चौल, रेवदंडा, कोर्लई, साळाव, आपल्या ग्रामपंचायतीने पत्र लिहावं की तुम्ही डॉल्फिन, पोरपॉइज आणि किनाऱ्याला लागलेले देवमासे यांच्या नोंदी ठेवा. तारीख, वेळ, जागा, किती, पिल्लू होतं का. जिवंतांच्याही, मेलेल्यांच्याही. उद्या पुलाचे खांब ठोकायला, जेट्टी वाढवायला, नवा पाइप टाकायला कोणी जनसुनावणी घेतली, की त्या वहीचं पान टेबलावर ठेवता येईल. "इथे कधीतरी डॉल्फिन येतात" असं कोणी म्हणालं, तर काकांचं उत्तर तारखांसकट देता येईल.

कोर्लईच्या काकांना मी शंभर पानी वही आणि दोन पेनं दिली आहेत. पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आता कुंभाराला माती ओळखायला लावतोस?" परवा फोन आला, आठ ओळी लिहून झाल्यात. हस्ताक्षर मला लागत नाही, पण नातीकडून वाचून घेतलं. त्यातली एक नोंद: किल्ल्याच्या बाजूला, ओहोटी, सकाळचे सात, मोठे तीन, एक लहान.

अर्जावर आत्तापर्यंत अकरा सह्या आहेत. ज्या तरुण मित्राने हवामान बदललंय म्हटलं होतं, त्याची बारावी सही मिळेल अशी आशा आहे. त्याचा मोबाइल चांगला आहे आणि तो रविवारी मासे पकडायला जातोच. ग्रामसभा सकाळी दहाला, पंचायतीच्या सभागृहात. मेहुण्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.